सीमेपलीकडचा तपास: संयुक्त तपास पथक कायद्याच्या चौकटीत कसं उभं करतात

पोलिसांचा अधिकार हद्दीपुरता असतो. साताऱ्याच्या फौजदाराला हुबळीत आरोपी पकडायचा असेल तर तिथल्या ठाण्याला कळवावं लागतं, पकडल्यावर तिथल्या दंडाधिकाऱ्यापुढे उभं करून ट्रान्झिट रिमांड (आरोपीला आपल्या हद्दीत नेण्याची परवानगी) घ्यावा लागतो. सोपस्कार आहेत, पण कायदा दोन्हीकडे एकच. देशाची सीमा ओलांडली की हा आधार सुटतो. परक्या देशात जाऊन कोणी परस्पर झडती घेतली किंवा जबाब नोंदवला, तर तो त्या देशाच्या सार्वभौमत्वावर घाला ठरतो आणि बहुतेक ठिकाणी गुन्हाही.

यावरचा जुना उपाय म्हणजे विनंतीपत्र. आपल्या न्यायालयाचं पत्र मंत्रालयामार्फत परदेशी जातं, तिथले पोलीस त्यांच्या सवडीने काम करतात आणि उत्तर उलट्या मार्गाने परत येतं. एक बँक खातं सापडलं की पुढच्या खात्यासाठी नवं पत्र. तोवर पैसा आणि माणसं दोन्ही हललेली असतात. यातून वाट काढायला युरोपीय संघाच्या नेत्यांनी ऑक्टोबर १९९९ मध्ये फिनलंडमधल्या टाम्पेरे इथे संयुक्त तपास पथकांची, म्हणजे दोन किंवा अधिक देशांनी आपसांत करार करून ठरावीक तपासासाठी मिळून उभारलेल्या पथकांची, कल्पना उचलून धरली. आज या विषयावरची सगळ्यात तपशीलवार आणि वापरात मुरलेली चौकट तिथेच आहे, म्हणून हा लेख तिच्यावर बेतला आहे. कायद्याचे विद्यार्थी, सरकारी वकील आणि तपास अधिकारी यांना डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. शेवटी भारतातल्या स्थितीबद्दलही लिहिलं आहे.

पायऱ्या सुरू करण्याआधी एक गोष्ट ठासून सांगतो. असं पथक टिकतं की कोसळतं हे शेवटी न्यायालयात ठरतं. धाड किती मोठी पडली याला तिथे किंमत नाही. म्हणून पहिल्या दिवसापासून प्रत्येक निर्णय त्या शेवटच्या न्यायालयाकडून मागे मोजत आणायचा.

पायरी १: पथक खरंच लागतं का?

एका झडतीसाठी किंवा एका साक्षीदारासाठी पथक उभारू नये. युरोपात त्या कामाला 'युरोपीय तपास आदेश' आहे. २०१४ च्या निर्देशानुसार आदेश मिळालेल्या देशाने तो मान्य करायचा की नाही हे ३० दिवसांत ठरवायचं आणि त्यानंतर ९० दिवसांत काम पुरं करायचं. सुट्या कामांना एवढं पुरतं.

पथकासाठी कायद्याने दोन प्रसंग सांगितले आहेत. पहिला, एका देशातला तपास अवघड आणि दमछाक करणारा आहे आणि त्याचे धागे दुसऱ्या देशात आहेत. दुसरा, अनेक देश एकाच वेळी तपास करत आहेत आणि सगळ्यांनी मिळून, ठरवून पावलं टाकणं भाग आहे. व्यवहारातली खूण सोपी आहे: प्रत्येक उत्तरातून नवा प्रश्न निघत असेल आणि प्रत्येक प्रश्नाला नवं विनंतीपत्र लागणार असेल, तर पथकाचा विचार करा.

२३ ऑक्टोबर २०१९ रोजी इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात एका ट्रकच्या बंद कंटेनरमध्ये ३९ व्हिएतनामी स्त्री-पुरुषांचे मृतदेह सापडले. कंटेनर बेल्जियमच्या झीब्रुग बंदरातून आला होता, तस्करांचे धागे फ्रान्स आणि आयर्लंडपर्यंत होते. ब्रिटन, बेल्जियम, फ्रान्स आणि आयर्लंड यांनी पथक केलं. मे २०२० मध्ये बेल्जियम आणि फ्रान्समध्ये एकाच दिवशी २६ जणांना अटक झाली, दोन्हीकडे तेरा-तेरा. चार देशांनी एकमेकांना पत्रं लिहीत बसून एक दिवस आणि एक वेळ अशी साधली नसती.

पायरी २: कायदेशीर आधार पक्का करा

दोन पोलीस प्रमुखांनी हस्तांदोलन केलं म्हणजे पथक झालं असं नाही. करारात कोणत्या तहाच्या कोणत्या कलमाखाली पथक आहे ते लिहावं लागतं, आणि बचाव पक्षाचे वकील सगळ्यात आधी तिथेच बोट ठेवतात.

युरोपीय संघातल्या देशांसाठी मूळ आधार म्हणजे २९ मे २००० चा परस्पर साहाय्य करार, कलम १३. सदस्य देश तो मंजूर करायला वेळ लावत होते. दरम्यान ११ सप्टेंबर २००१ चे हल्ले झाले, म्हणून तीच तरतूद जवळजवळ शब्दशः उचलून १३ जून २००२ चा चौकट निर्णय केला गेला. मूळ करार ऑगस्ट २००५ मध्ये लागू झाला. प्रत्येक देशाने हे आपल्या कायद्यात कसं उतरवलं आहे ते वेगळं पाहावं लागतं. कुठे करारावर सरकारी वकील सही करतो, कुठे तपास न्यायाधीश, कुठे मंत्रालयाची मंजुरी लागते. सही करणाऱ्याला तो अधिकार होता का, हा प्रश्न खटल्यात हमखास येतो.

संघाबाहेरचा देश असेल तर आधार बदलतो. युरोप परिषद ही युरोपीय संघाहून वेगळी संघटना आहे; तिच्या परस्पर साहाय्य कराराचा नोव्हेंबर २००१ चा दुसरा पूरक प्रोटोकॉल, त्याचं कलम २०, हा सर्वाधिक वापरातला. संघातून बाहेर पडल्यावर ब्रिटनही त्याचा आधार घेतो. जागतिक पातळीवर संयुक्त राष्ट्रांच्या संघटित गुन्हेगारीविरोधी कराराचं कलम १९ आणि भ्रष्टाचारविरोधी कराराचं कलम ४९ आहे. ही दोन कलमं त्रोटक आहेत: देशांनी संयुक्त तपासासाठी करार करावेत, करार नसेल तर प्रकरणापुरतं जमवून घ्यावं, आणि ज्या भूमीवर तपास होतो तिचं सार्वभौमत्व पाळावं. अधिकार, जबाबदारी, पुरावा यांबद्दल त्यांत काहीच नाही. आधार जितका त्रोटक, तितका पथकाचा करार सविस्तर लिहायचा.

पायरी ३: युरोजस्टच्या टेबलावर

हेगमध्ये युरोजस्ट ही संस्था आहे. तिथे प्रत्येक सदस्य देशाचा सरकारी वकील किंवा न्यायाधीश बसतो. पहिली बैठक तिथे घ्यावी. दुभाषे मिळतात, आणि कोणत्या देशात कोणती अडचण येते हे माहीत असलेली माणसं शेजारी असतात. देशोदेशीच्या पथक-तज्ज्ञांच्या जाळ्याचं सचिवालयही २०११ पासून युरोजस्टमध्ये आहे. घाई असेल तर कामही झपाट्याने होतं. युक्रेनवरच्या आक्रमणानंतर महिनाभरात, २५ मार्च २०२२ रोजी, लिथुआनिया, पोलंड आणि युक्रेन यांनी युद्धगुन्ह्यांसाठी पथक केलं. एप्रिलमध्ये आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाचं अभियोक्ता कार्यालयही त्यात आलं. त्या कार्यालयाने अशा पथकात भाग घेण्याची ती पहिलीच वेळ.

पायरी ४: करारनामा लिहा

संघाच्या परिषदेने नमुना करार प्रसिद्ध केलेला आहे. तो घ्यावा, पण रिकाम्या जागा भरून मोकळं होऊ नये. काही कलमांवर मी वेळ घालवायला सांगेन.

*हेतू.* पथक विशिष्ट कामासाठी आणि ठरावीक मुदतीसाठीच असू शकतं. 'अंमली पदार्थांची तस्करी' एवढंच लिहिलं तर ते फार सैल होतं. एकाच आरोपीचं नाव लिहिलं तर पुढच्या महिन्यात सापडलेला त्याचा भागीदार बाहेर राहतो. गुन्ह्याचा प्रकार, टोळीची ओळख, काळ आणि प्रदेश इतकं यायला हवं. मुदत सर्वांच्या संमतीने वाढवता येते, पण ती संपण्याआधी लेखी वाढवलेली असावी.

*प्रमुख.* इथे अनेकांचा गैरसमज होतो. सगळ्या देशांवर हुकूम चालवणारा एक सेनापती नसतो. पथक ज्या देशात काम करत असेल, त्या देशाचा अधिकारी तिथला प्रमुख, आणि तोही आपल्या कायद्याने दिलेल्या अधिकारांपुरताच. म्हणून बहुतेक करारांत प्रत्येक देशाचा एकेक प्रमुख नेमलेला असतो.

*सदस्य आणि सहभागी.* यांत फरक करा. युरोपोल या संघाच्या पोलीस सहकार्य संस्थेचे विश्लेषक पथकाला मदत करू शकतात, पण सदस्यांचे अधिकार त्यांना आपोआप मिळत नाहीत. कोण कोणत्या नात्याने खोलीत होतं, हे नंतर साक्षीत सांगावं लागतं.

*काय लिहू नये.* तपासाचे डावपेच, खबऱ्यांचा उल्लेख, पुढच्या धाडीची तारीख करारात घालू नये. ब्रिटनसारख्या देशात अभियोग पक्षाला बचाव पक्षापुढे कागद उघडावे लागतात, आणि युरोपातल्या अनेक देशांत करार थेट खटल्याच्या फाइलला जोडला जातो. कामाची आखणी वेगळ्या कृती आराखड्यात ठेवतात ती याच कारणाने.

भाषा कोणती, पत्रकारांशी कोण बोलणार, पाहुण्या अधिकाऱ्याने हत्यार बाळगायचं का, हेही एकेका ओळीत संपवून टाका. न ठरलेली छोटी गोष्टच धाडीच्या पहाटे भांडण लावते.

पायरी ५: पाहुण्या अधिकाऱ्याला काय करता येतं

दुसऱ्या देशातून आलेल्या सदस्याला तपासाच्या वेळी हजर राहण्याचा हक्क आहे. विशिष्ट कारण असेल तर प्रमुख त्याला बाहेर ठेवू शकतो. स्वतःहून झडती घेणं किंवा प्रश्न विचारणं यासाठी यजमान देश आणि त्याचा स्वतःचा देश, दोघांचीही मंजुरी लागते. कायदा यजमान देशाचा चालतो.

सगळ्या यंत्रणेचा कणा मात्र वेगळा आहे. समजा पथक बेल्जियममध्ये काम करतं आहे आणि रॉटरडॅममधल्या एका गोदामाची झडती हवी आहे. पथकातला डच सदस्य थेट आपल्या देशातल्या अधिकाऱ्यांना सांगतो आणि डच तपास असता तर जे निकष लागले असते तेच लावून झडती होते. विनंतीपत्राची गरजच उरत नाही. आपल्या देशात आधीच असलेली माहितीही सदस्य त्याच्या देशाच्या कायद्यात राहून थेट पथकाला देऊ शकतो. वाचलेले महिने ते हेच. पण ही सोय पथकातल्या देशांपुरतीच आहे. बाहेरच्या देशाकडून काही हवं असेल तर नेहमीची विनंती करावी लागते.

नुकसान झालं तर? डच अधिकाऱ्याच्या गाडीने अँटवर्पमध्ये कुणाला धडक दिली, तर आधी बेल्जियम आपल्या अधिकाऱ्याने केल्यासारखी भरपाई देतो आणि मग नेदरलँड्सकडून वसूल करतो. त्या अधिकाऱ्याने गुन्हा केला किंवा त्याच्यावर हल्ला झाला, तर फौजदारी कायद्याच्या दृष्टीने तो बेल्जियमचा अधिकारी मानला जातो.

पायरी ६: पुरावा टिकेल असा गोळा करा

या पायरीवर सगळ्यात जास्त वेळ द्या. मुंबईच्या वाचकाला हे समजावायला युरोपात जायची गरज नाही.

२६/११ च्या खटल्यासाठी पाकिस्तानचा न्यायिक आयोग मार्च २०१२ मध्ये मुंबईत आला. कसाबचा कबुलीजबाब नोंदवणाऱ्या दंडाधिकारी, मुख्य तपास अधिकारी आणि शवविच्छेदन करणारे डॉक्टर यांचे जबाब झाले. पण दोन्ही देशांत ठरलेल्या अटींत साक्षीदारांच्या उलटतपासणीला परवानगी नव्हती. पाकिस्तानातल्या न्यायालयात आरोपींच्या वकिलांनी त्यावरच हरकत घेतली आणि जुलै २०१२ मध्ये तो अहवाल पुरावा म्हणून अग्राह्य ठरला. सप्टेंबर २०१३ मध्ये आयोग पुन्हा आला, तेव्हा उलटतपासणी झाली. हे संयुक्त पथक नव्हतं, पण धडा तोच आहे: ज्या न्यायालयात पुरावा वापरायचा त्याच्या अटी आधी विचारल्या नाहीत, तर साक्षीदार, प्रवास, दुभाषे, सगळं वाया जातं. १६६ माणसांच्या मृत्यूच्या खटल्यात असं व्हावं, याची चीड यायला हवी.

म्हणून करारासोबत एक तक्ता बनवा. आडव्या ओळींत पुराव्याचे प्रकार, उभ्या रकान्यांत देश. साक्षीदाराचा जबाब पोलिसांनी घेतलेला चालतो की न्यायाधीशच हवा? आरोपीला वकील कोणत्या क्षणी मिळाला पाहिजे? झडतीला पंच लागतात का? मोबाइलची प्रत काढताना काय नोंदवायचं? फोन टॅपिंगचा आदेश कुणी दिलेला हवा? प्रत्येक ठिकाणी सगळ्यात कडक अट असलेल्या देशाची रीत पाळा, जोवर ती तपास चाललेल्या देशाच्या कायद्याविरुद्ध जात नाही.

फोन टॅपिंगवर हा तक्ता किती कामाचा ते दिसतं. नेदरलँड्स आणि फ्रान्समध्ये टॅप केलेलं संभाषण खटल्यात सर्रास येतं. ब्रिटनमध्ये २०१६ च्या कायद्याचं कलम ५६ देशातल्या यंत्रणांनी मधेच पकडलेल्या संदेशांना पुरावा म्हणून दारच बंद करतं. 'एन्क्रोचॅट' या सांकेतिक फोनसेवेच्या प्रकरणात हा प्रश्न पेटला. फ्रान्स आणि नेदरलँड्स यांनी एप्रिल २०२० मध्ये पथक केलं आणि फ्रान्समधल्या सर्व्हरमार्फत हजारो फोनमधले संदेश मिळवले. ब्रिटनने ते स्वतंत्र आदेशाने घेतले होते. तिथल्या अपील न्यायालयाने फेब्रुवारी २०२१ मध्ये, संदेश वाटेत पकडलेले नसून फोनमध्ये साठवलेले होते, असा निष्कर्ष काढला म्हणून ते ग्राह्य ठरले. शेकडो खटले त्या एका तांत्रिक फरकावर तरले.

जर्मनीही पथकाबाहेर होती. तिथला प्रश्न युरोपीय न्यायालयात गेला. ३० एप्रिल २०२४ च्या निकालाने फ्रान्सकडे आधीच असलेला पुरावा तपास आदेशाने मागायला हरकत नाही असं ठरलं, पण एक अट घातली: ज्या पुराव्यावर आरोपीला परिणामकारकपणे म्हणणं मांडता येत नाही आणि जो निकालाचा मुख्य भार उचलणार आहे, तो राष्ट्रीय न्यायालयाने बाजूला ठेवलाच पाहिजे. फ्रान्सने आपलं तंत्र संरक्षण गुपित म्हणून झाकून ठेवलं होतं, त्यामुळे हे वाक्य फार जड आहे. पद्धत गुप्त ठेवायची असेल तर पुरावा तपासण्याची दुसरी वाट आरोपीला मिळेल का, हे करार करतानाच ठरवा. हे फक्त आरोपीच्या भल्याचं नाही. तपासता न येणारा पुरावा अपिलात कधीही निसटू शकतो.

पायरी ७: माहिती कुठे वापरायची याच्या अटी

पथकात मिळालेली माहिती मूळ हेतूसाठी मोकळेपणाने वापरता येते. दुसरा गुन्हा उघडकीला आला तर ज्या देशात ती मिळाली त्याची आधी संमती लागते. सार्वजनिक सुरक्षेला तातडीचा, गंभीर धोका असेल तर तो टाळण्यासाठी वापरता येते.

फाशीची शिक्षा असलेल्या देशाशी पथक करताना युरोपीय देश लेखी हमी मागतात. अशी हमी किती बांधून ठेवते हे अबू सालेम प्रकरणात दिसलं. पोर्तुगालकडून २००५ मध्ये झालेल्या प्रत्यार्पणासाठी भारताने फाशी किंवा २५ वर्षांहून अधिक शिक्षा होणार नाही असं सांगितलं होतं. जुलै २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारवर ती हमी बंधनकारक असल्याचं स्पष्ट केलं. तो मुद्दा प्रत्यार्पणाचा होता, पण पुरावा देतानाही देश याच अटी घालतात. तेव्हा हमी देण्याआधी ती पाळायची कुणी, हे पाहून घ्या.

पायरी ८: पैसा, भाषांतर, साधनं

प्रवास, मुक्काम, दुभाषे, भाषांतर आणि जप्त वस्तूंची वाहतूक यांसाठी युरोजस्टकडून अनुदान मिळतं. सुरक्षित फोन आणि लॅपटॉपही उसने मिळतात. अर्ज वेळेत करा. भाषांतराचा खर्च सगळे कमी धरतात, आणि खटल्याच्या तोंडावर हजारो पानं मूळ भाषेतच पडून असतात.

पायरी ९: खटला कुठे चालवायचा

एकाच कृत्यासाठी दोनदा शिक्षा नाही, हे तत्त्व शेंगेन कराराच्या कलम ५४ ने देशांच्या सीमांपलीकडेही लागू केलं आहे. एका देशाने छोट्या गुन्ह्यात घाईने निकाल लावला तर दुसऱ्या देशातला मोठा खटला अडतो. म्हणून वाटणी लवकर करा. एसेक्स प्रकरणात ब्रिटन, बेल्जियम आणि फ्रान्स यांनी आपापले आरोपी घेतले. जानेवारी २०२२ मध्ये बेल्जियममधल्या ब्रुज इथल्या न्यायालयाने तिथल्या म्होरक्याला १५ वर्षांची शिक्षा दिली.

मलेशियन एअरलाइन्सच्या एमएच१७ विमानाचं प्रकरण याहून अवघड होतं. १७ जुलै २०१४ ला पूर्व युक्रेनवर ते पाडलं गेलं आणि २९८ जण गेले, त्यांतले १९६ नेदरलँड्सचे. ऑगस्टमध्ये नेदरलँड्स, ऑस्ट्रेलिया, बेल्जियम आणि युक्रेन यांनी पथक केलं, मलेशिया नंतर आला. आंतरराष्ट्रीय न्यायाधिकरण नेमण्याचा ठराव जुलै २०१५ मध्ये सुरक्षा परिषदेत रशियाच्या नकाराधिकाराने पडला. मग जुलै २०१७ मध्ये पाचही देशांनी खटला नेदरलँड्समध्ये चालवायचं ठरवलं आणि युक्रेनने वेगळ्या तहाने वाट मोकळी करून दिली. युक्रेनच्या सुरक्षा यंत्रणेने टॅप केलेले फोन हा मोठा पुरावा होता. ती यंत्रणा स्वतः संघर्षातला पक्ष असल्याने पथकाने ती संभाषणं मोबाइल टॉवरच्या नोंदींशी ताडून पाहिली. १७ नोव्हेंबर २०२२ ला तिघांना गैरहजेरीत जन्मठेप झाली, एक निर्दोष सुटला. भक्कम पुरावा नसलेला आरोपी सुटला, हेही त्या पथकाच्या कामाचं मोल वाढवणारंच आहे.

भारतातल्या तपास अधिकाऱ्याने काय करावं

मार्च २०१६ मध्ये पठाणकोट हल्ल्याच्या तपासाला पाकिस्तानचं एक 'संयुक्त तपास पथक' भारतात आलं होतं. ते पाकिस्तानने आपल्याच यंत्रणांमधून बनवलेलं देशांतर्गत पथक होतं. दोन देशांत वर वर्णन केल्यासारखा करार नव्हता, आणि भारताच्या पथकाला तिकडे जाताही आलं नाही. या लेखातली व्यवस्था ती नव्हे.

भारताने संयुक्त राष्ट्रांचे ते दोन्ही करार मे २०११ मध्ये मंजूर केले, त्यामुळे प्रकरणापुरत्या संयुक्त तपासाला आंतरराष्ट्रीय आधार आहे. पण परदेशी अधिकाऱ्याला इथे तपासाचे अधिकार देणारी किंवा पथकाच्या जबाबदाऱ्या ठरवणारी युरोपातल्यासारखी सविस्तर चौकट आपल्या फौजदारी प्रक्रियेत नाही. माझ्या मते ती यायला हवी. सायबर फसवणुकीची टोळी तीन देशांत बसलेली असताना एकेका पत्राने तपास पुरत नाही.

तोवर हातात असलेलं साधन म्हणजे भारतीय नागरिक सुरक्षा संहितेचं कलम ११२. तपास अधिकारी न्यायालयाकडे अर्ज करतो, न्यायालय परदेशी विनंतीपत्र काढतं, ते केंद्रीय गृह मंत्रालयामार्फत जातं. परदेशातून आलेले जबाब आणि वस्तू तपासात गोळा केलेला पुरावा मानल्या जातात. उलट दिशेच्या विनंतीला कलम ११३. पत्राआधी इंटरपोलच्या मार्गाने, म्हणजे सीबीआयच्या भारतपोल पोर्टलवरून, माणूस किंवा नंबर खरंच त्या देशात आहे का याची खातरजमा करा.

विनंतीपत्राच्या मसुद्यात गुन्ह्याची हकिकत थोडक्यात आणि हवी ती कृती नेमकी लिहा. त्या देशात ते कृत्य गुन्हा ठरतं का, हे दाखवा. विचारायचे प्रश्न क्रमाने जोडा. इलेक्ट्रॉनिक पुरावा मागत असाल तर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे लागणाऱ्या प्रमाणपत्राचा नमुना आणि हॅश मूल्य (फाइल बदललेली नाही हे पडताळण्याचा सांकेतिक क्रमांक) नोंदवण्याची विनंती त्याच पत्रासोबत पाठवा. आपल्या अधिकाऱ्याला चौकशीवेळी हजर राहू द्यावं, अशी परवानगीही तिथेच मागा. हे सगळं त्या देशाच्या भाषेत भाषांतरित करून, भाषांतर बरोबर असल्याच्या दाखल्यासह जोडायचं.